चौकोनाचा प्रकार ओळखा (४ गुण)

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला फोन करून सांगितलं, 'शाळेत शिकलेलं पुढे कुठे उपयोगी पडलं यावर थोडं बोल.' संस्कार, शिस्त आणि वक्तशीरपणा यांवर सकाळपासून पुष्कळ चांगलं बोलून झालं आहे. त्यामुळे मी फक्त एका गणितावर बोलणार आहे. 'पुढील बिंदू ज्याचे शिरोबिंदू आहेत त्या चौकोनाचा प्रकार ओळखा.' मागच्या बाकांवरून आत्ता जो सुस्कारा ऐकू आला, तो मी वर्गातही ऐकलेला आहे.

जेवणानंतर भूमिती ऐकवणं हा तसा अन्यायच. पण ज्यांची मुलं यंदा दहावीत आहेत त्यांना ठाऊक असेल की हे गणित अजून जिवंत आहे. 'गणित भाग २'मधलं पाचवं प्रकरण, निर्देशक भूमिती. आणि मुलं अजूनही ते आपल्यासारखंच सोडवतात. चार बाजूंची अंतरं काढायची, चारही सारखी आली की 'चौरस' लिहून मोकळं व्हायचं. मग वही परत येते तेव्हा शेजारी लाल शाईत प्रश्न असतो, 'कर्ण कोण काढणार?'

या गणितात आकृती दिलेली नसते. डोळ्यांनी पाहून उत्तर सांगायची सोय नाही, हातात असतात फक्त आठ संख्या. मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्यातली बरीचशी नकाशांच्या कामात गेली. संगणकाची अवस्था अगदी त्या प्रश्नातल्या विद्यार्थ्यासारखी असते. आपल्याला पडद्यावर प्लॉट दिसतो, इमारत दिसते, मैदान दिसतं. त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याच्याकडे ओळीने आकडे येतात आणि त्यावरून त्याने ठरवायचं की हा आयत आहे, की नुसताच चौकोन.

आता फळ्यावर एक उदाहरण लिहिते. अ(०, ०), ब(४, ३), क(१, ७), ड(−३, ४). अंतराच्या सूत्राने चारही बाजू ५ येतात. इथे थांबायचं नाही हे आपल्याला बाईंनी शिकवलं. कर्ण काढा. अक चा वर्ग १ अधिक ४९, म्हणजे ५०. बड चा वर्ग ४९ अधिक १, तोही ५०. कर्ण सारखे, म्हणून चौरस. कागदावर काढला तर तो तिरका उभा दिसतो, म्हणून कित्येक मुलं त्याला 'डायमंड' म्हणतात. चौरस कलला म्हणून त्याची जात बदलत नाही.

आता माझं एक मत. पुस्तकात बाजूंपासून सुरुवात करायची सवय लागते, ती उलटी आहे. मी आधी कर्णांचे मध्यबिंदू बघते, कारण त्याला फक्त बेरीज लागते. अ आणि क यांच्या पहिल्या निर्देशकांची बेरीज ०+१, म्हणजे १. ब आणि ड यांची ४−३, तीही १. दुसऱ्या निर्देशकांची बेरीज ०+७ आणि ३+४, दोन्हीकडे ७. झालं! कर्ण परस्परांना दुभागतात, म्हणजे समांतरभुज चौकोन हे पक्कं झालं. ना वर्ग, ना वर्गमूळ. मग दोनच प्रश्न उरतात. कर्ण सारखे आहेत का? असतील तर आयत. लगतच्या दोन बाजू सारख्या आहेत का? असतील तर समभुज. दोन्ही 'हो' असतील तर चौरस. आणि वर्गमूळ शेवटपर्यंत काढायचंच नाही, वर्गांचीच तुलना करायची. संगणकाला हे फार मानवतं. त्याच्या पोटात संख्या दोनच्या पटीत साठवलेल्या असतात, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३ च्या किंचित पुढे दाखवतो. अशा गड्याकडून दोन वर्गमुळं तंतोतंत सारखी आहेत का, हे वदवून घेण्यात अर्थ नसतो.

मध्यबिंदूच जुळले नाहीत तर मात्र चढ काढावे लागतात. समोरासमोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर निघाली तर समलंब, लगतच्या बाजूंच्या दोन जोड्या सारख्या निघाल्या तर पतंग. त्यात फार रमत नाही, कारण मला जायचंय वेगळीकडे.

चार बाजू मोजल्या की चौकोन कळला, हा समज फार जुना आहे आणि त्यावर चिडलेला माणूस आपल्याच महाराष्ट्राच्या मातीशी जोडलेला आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती' लिहिली इ.स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. आपलं गाव सह्याद्रीच्या परिसरात असल्याचं ते सांगतात. ते गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण इथे त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून तिथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. तो लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. आजोबांच्या पुस्तकांसाठी नातवाने शाळा काढली! माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात हे सांगायलाच हवं.

तर 'लीलावती'त ते म्हणतात की एकही कर्ण किंवा लंब न सांगता, नुसत्या बाजू देऊन जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच्च समजावा; आणि जो त्याचं उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच्च. आपल्या कुठल्याही बाई आपल्याला इतकं बोलल्या नाहीत.

मग ते उदाहरणच देतात. चारही बाजू २५ असलेला चौकोन घ्या. कर्ण ३० आणि ४० असतील तर क्षेत्रफळ ६००. कर्ण १४ आणि ४८ असतील तर क्षेत्रफळ ३३६. आणि कर्ण सारखे असतील तर ६२५. बाजूंमध्ये तसूभर फरक नाही, आणि क्षेत्रफळ ६२५ वरून ३३६ वर, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर (२०, ०), (०, १५), (−२०, ०), (०, −१५) हा पहिला आणि (२४, ०), (०, ७), (−२४, ०), (०, −७) हा दुसरा. करून बघा, सगळ्या बाजू २५ च येतात. भास्कराचार्यांकडे अक्ष आणि निर्देशक नव्हते. देकार्तचं भूमितीचं पुस्तक आलं १६३७ मध्ये, म्हणजे जवळजवळ पाचशे वर्षांनी. पण दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यांना दिसलं होतं.

घरी करून बघायचं तर चार पट्ट्या घ्या आणि टोकाला एकेका खिळ्याने जोडा. चौकट उभी राहते, पण हात लावला की कलते. बाजू त्याच, आकार वेगळा. तीन पट्ट्यांचा त्रिकोण मात्र कलत नाही. चौकोनाला पाचवं माप लागतं. तिरपी पाचवी पट्टी ठोकली की तो जागच्या जागी बसतो. जुन्या दारांच्या फळ्यांना मागून तिरपी पट्टी ठोकलेली असायची, ती याचसाठी. आणि शंकरपाळ्यांचा विचार करा. कातणं सरळ-आडवं फिरवलं तर चौरस पडतात, तिरकं फिरवलं तर समभुज चौकोन. बाजू तेवढ्याच ठेवल्या तरी तिरक्या शंकरपाळीत पीठ कमी असतं. हे मी एकदा घरी सांगून बघितलं. कोणी दाद दिली नाही.

आपल्या खेळाच्या सरांना हे पाठ होतं. व्हॉलीबॉलचं मैदान आखताना १८ मीटर आणि ९ मीटर मोजून फक्की मारायला आपण अधीर असायचो आणि सर म्हणायचे, 'थांबा, आधी तिरपी दोरी.' या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये. दोन्हीकडे २० मीटर १२ सेंटिमीटर आलं की मगच फक्की. तेव्हा वाटायचं, उगाच वेळ काढतायत.

आता मांजर्लीतली एक गोष्ट. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरच्यांनी इथे प्लॉट घेतले तेव्हा आजूबाजूला भाताची खाचरं होती. माझ्या वडिलांनी घेतलेला प्लॉट होता रस्त्याला ४० फूट, खोलीला ३० फूट. १२०० चौरस फूट. खरेदीखतात चार बाजू आणि चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण. लेआउटचा नकाशा होता, पण २६ जुलै २००५ ला उल्हासचं पाणी पश्चिमेच्या घरांमध्ये शिरलं, त्यात तो लगदा झाला. काही वर्षांनी कुंपणाची भिंत बांधायचं ठरलं. गवंड्याने रस्त्याच्या रेषेला गुण्या लावला, काटकोनात दोरी ताणली आणि पाया खणायला घेतला. दोरीच्या आत शेजारच्या काकांचा शेवगा आला.

काका म्हणाले, झाड आमच्या हद्दीत आहे, लावलंय मीच. वडील म्हणाले, मोजा. मोजलं. आमच्या बाजू ४०, ३०, ४०, ३०. त्यांनीही आपला प्लॉट मोजला. ४०, ३०, ४०, ३०. दोघांचेही टेप खरे, दोघांचीही खतं खरी, आणि दोघांनाही खात्री की समोरचा खोटं बोलतोय. जवळजवळ दोन वर्षं ही दोन्ही घरं एकमेकांशी बोलत नव्हती. माझी आई आणि काकू मागच्या दाराने बोलायच्या, ते वेगळं.

शेवटी सरकारी मोजणीचे पैसे भरले. भूकरमापक आले, त्यांनी आजूबाजूच्या जुन्या खुणा धरून चारही कोपरे काढले, खुंट्या ठोकल्या. मी तेव्हा सुट्टीवर होते. खुंट्या बसल्यावर मी टेप घेतला आणि तिरपा धरला. ४० बाय ३० च्या आयताचा कर्ण ५० यायला हवा. तीन-चार-पाचचं पायथागोरसचं त्रिकूट, दहापट. एक कर्ण आला ४८ फूट. दुसरा, एक इंच कमी ५२ फूट.

म्हणजे आमचा प्लॉट आयत कधीच नव्हता. तो समांतरभुज चौकोन होता, आणि आमचा एकट्याचाच नाही, रांगेतले सगळेच तसे. कारण साधं होतं. मुळात शेताचा बांध रस्त्याला तिरपा होता आणि प्लॉट पाडणाऱ्याने त्या बांधाला समांतर रेघा मारल्या होत्या. शेताच्या बांधाला पाण्याचा उतार कळतो, गुण्या कळत नाही.

या प्रकरणातला एक हिशेब माझ्या अजून डोक्यात आहे. प्लॉट असा कलल्यामुळे क्षेत्रफळ किती कमी झालं? १२०० चे झाले ११९६. फक्त चार चौरस फूट! त्यामुळे क्षेत्रफळावरून कोणालाच शंका आली नसती. सातबाऱ्यावरही नुसतं क्षेत्र असतं, आकार नसतो. आकार बघायचा तर मोजणीचा नकाशा लागतो. पण मागचा कोपरा सरकला होता जवळजवळ अडीच फूट. पुढे रस्त्यावर शून्य आणि मागे अडीच फूट, अशी सुमारे ३७ चौरस फुटांची पाचर, आणि शेवगा त्या पाचरीत. झाड काकांचंच निघालं. आमच्या दुसऱ्या अंगाला तेवढीच पाचर आमची निघाली, पण तिथे तिसऱ्या शेजाऱ्यांची पाण्याची टाकी उभी होती. वडिलांनी ती तशीच राहू दिली. नव्याने भांडायची हौस उरली नव्हती. पुढच्या मोसमात काकूंनी शेवग्याच्या शेंगांची जुडी पुढच्या दाराने आणून दिली.

माझ्या कामात हाच शेवगा वेगवेगळ्या रूपांत भेटतो. एक प्रकार क्रमाचा. आपल्याला बाई सांगायच्या की चौकोनाचं नाव क्रमाने वाचा, अबकड, मध्येच उडी मारू नका. संगणकाकडे कोपरे कधीकधी अ, क, ब, ड असे येतात. मग तो अ पासून क कडे जातो, ब कडे वळतो, तिथून ड कडे, आणि पडद्यावर प्लॉटच्या जागी डमरू उमटतो. त्याहून वाईट म्हणजे निर्देशकांवरून क्षेत्रफळ काढायची जी रीत आहे, तिरपे गुणाकार करून वजाबाक्या करायच्या, बुटाच्या नाडीसारख्या, तिच्यात डमरूचं एक अंग अधिक आणि दुसरं उणे मोजलं जातं. बाजू २५ चा चौरस अशा क्रमाने घातला की उत्तर येतं शून्य. माणसाचा प्लॉट आहे, घर आहे, तो घरपट्टी भरतोय, आणि क्षेत्रफळ शून्य.

दुसरा प्रकार अक्षांश-रेखांशांचा. आता मोबाइलवर कोणीही कोपऱ्यात उभं राहून ते काढू शकतं. ते आकडे सरळ अंतराच्या सूत्रात घालायचा मोह होतो. पण ते अंश आहेत, फूट नव्हेत, आणि दोन्ही दिशांचे अंश सारखे लांब नाहीत. आपल्या बदलापूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, आणि पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५. पाच टक्क्यांचा फरक. चौरस प्लॉट आयत होऊन बसतो. आणि प्लॉट दिशांना तिरपा असेल तर त्याचे काटकोनही जातात. आधी अंशांचे मीटर करावे लागतात, मगच दहावीचं गणित लागू पडतं. शिवाय साध्या मोबाइलचा आकडा काही मीटरने इकडेतिकडे असतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर शेजाऱ्याशी भांडायला जाऊ नका. मोजणीची यंत्रं वेगळी असतात, ती सेंटिमीटरमध्ये बोलतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अवघड वाटते. शाळेत उत्तर 'आहे' किंवा 'नाही' असं होतं. कर्णाचे वर्ग ५० आणि ५० आले तर आयत. ५० आणि ५१ आले तर नाही, गुण शून्य. जमिनीवर असं कधीच नसतं. काटेकोर मोजलं तर आख्ख्या बदलापुरात एकही प्लॉट आयत नाही. मग किती फरक चालवून घ्यायचा, हे कोणीतरी ठरवावं लागतं आणि ते गणित ठरवत नाही. दोन कर्णांत एका इंचाचा फरक असेल तर मी आयत म्हणते. चार फुटांचा असेल तर म्हणत नाही. अधेमधे असेल तर विचारते, कशासाठी हवंय? नकाशावर रंग भरायचा असेल तर अर्धा फूट चालेल. भिंत बांधायची असेल तर नाही चालणार. आमच्याकडे नवीन आलेली मुलं ही मर्यादा प्रोग्राममध्ये एका ओळीत लिहून टाकतात, ०.०१ वगैरे. मी त्यांना विचारते, ०.०१ काय? फूट, मीटर, की अंश? अंश असेल तर ते एक किलोमीटर झालं.

आपल्यापैकी कोणी सध्या प्लॉट घेत असेल, वांगणीकडे, मुरबाड रस्त्याला, कुठेही, तर मोजणीचा नकाशा मागून घ्याच. पण पहिल्यांदा बघायला जाल तेव्हा शंभर फुटी टेप आणि एक माणूस बरोबर न्या. बाजू विकणारा मोजून दाखवतोच. तुम्ही कर्ण मोजा, दोन्ही. दहा मिनिटांचं काम आहे. समोरासमोरच्या बाजू सारख्या असूनही कर्णांत फरक निघाला तर प्लॉट वाईट आहे असं नाही, आमचाही काही वाईट नाही, आजही आम्ही तिथेच राहतो. फक्त घराचा नकाशा काढणाऱ्याला ते आधी सांगा, आणि भिंतीच्या गवंड्याला तर नक्कीच.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. फळ्यावर एक गणित ठेवून जाते. चार बिंदू आहेत, (४०, २०), (०, ०), (१५, २०), (२५, ०). मुद्दाम क्रमाने दिलेले नाहीत. आधी ते क्रमाने लावा, मग चौकोनाचा प्रकार आणि क्षेत्रफळ सांगा. बाजू भास्कराचार्यांच्याच आहेत, पण हा त्यांच्या त्या तिघांमधला नाही. कर्णांची लांबी पूर्णांकात येणार नाही, त्यांचा गुणाकार मात्र येईल. आलेखाचे कागद चहाच्या टेबलावर ठेवले आहेत, पेन्सिलीही आहेत. आणि बाई, तुम्ही उत्तर सांगायचं नाही.